कार्पेटशिवाय काय? घरी बनवलेल्या सबवूफर बॉक्सचं वरचं अंग

गाडीतला सबवूफरचा बॉक्स घरी बनवणारी मंडळी आतल्या घनफळासाठी रात्री जागवतात, पोर्टच्या लांबीवरून हुज्जत घालतात, एमडीएफ की प्लाय या वादात मित्रांशी अबोला धरतात. वरून काय चढवायचं हा विचार मात्र बॉक्स जोडून झाला आणि स्क्रूची डोकी डोळ्यांत खुपू लागली की मग सुचतो. तोवर उत्साह संपलेला असतो. कोणीतरी दुकानात जातो, रोलवरून काळं किंवा करडं कार्पेट कापून आणतो आणि विषय मिटतो. उज्जैन असो, इंदूर असो की पुणे, डिकी उघडली की बहुतेक ठिकाणी तेच कार्पेट दिसतं.

कार्पेटने ही जागा फुकट मिळवलेली नाही. ते सगळं झाकतं. करवत तिरकी गेली, दोन फळ्यांमध्ये दोन मिलिमीटरची फट राहिली, कोपरा उडाला, स्क्रू वर राहिला, तरी सगळं त्या नमद्यासारख्या थराखाली गुडूप होतं. बाकीचा कुठलाही पर्याय घ्या, तो खालचं सुतारकाम उघडं पाडतो. रेक्झीन थोडं झाकतं, रंग जवळजवळ काहीच झाकत नाही, सनमायका तर चूक दुप्पट करून दाखवतो. त्यामुळे ‘कार्पेटऐवजी काय लावू’ असं कोणी विचारलं की मी आधी बॉक्सच्या कडांवरून बोट फिरवून बघायला सांगतो. रंग, पोत, किंमत यांचा हिशोब त्यानंतर.

दुसरी कसोटी उन्हाची. उज्जैनात मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो आणि बरेच दिवस तिथेच मुक्काम ठोकतो. बंद गाडीत काय होतं याची मोजमापं उपलब्ध आहेत. अमेरिकेतल्या ॲरिझोनात झालेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेर 38 अंशांहून अधिक तापमान असताना उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी 47 अंशांपर्यंत पोचली आणि डॅशबोर्डचा पृष्ठभाग 69 अंशांपर्यंत. सावलीतल्या गाड्यांत हेच आकडे 38 आणि 48 होते. महाकाल परिसरातल्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी लावून दर्शनाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. सेडानची बंद डिकी त्यातल्या त्यात बरी, थेट ऊन तिच्यात शिरत नाही. हॅचबॅक आणि एसयूव्हीमध्ये मात्र मागच्या काचेतून ऊन सरळ बॉक्सच्या माथ्यावर येतं. तिथे ठेवलेल्या काळ्या बॉक्सचा माथा डॅशबोर्डसारखाच तापतो. इथे वेष्टनापेक्षा आधी डिंक शरण जातो, म्हणून पुढचा बराचसा लेख डिंकाबद्दल आहे.

त्याआधी एक गैरसमज दूर करतो. वेष्टनामुळे बेस ‘गोल’ होतो, लाकडी पॉलिश केलं की आवाज ‘गरम’ येतो, असं सांगणारे प्रत्येक गावात भेटतात. 40 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते. तीन मिलिमीटरचं कार्पेट किंवा एक मिलिमीटरचा सनमायका तिच्या गावीही नसतो. वेष्टन आवाजात ढवळाढवळ करतं ते एकाच मार्गाने, आणि तो म्हणजे गळती. एडगर विल्चरने 1954 मध्ये एआर-1 हा स्पीकर आणला, तेव्हापासून सीलबंद बॉक्सचं सगळं गणित आत कोंडलेल्या हवेच्या स्प्रिंगवर उभं आहे. स्पीकरच्या चौकटीखाली कार्पेट दाबलं गेलं की त्याच्या तंतूंमधून हवा निसटते आणि जोरदार बेसला कडेने फुसफुस ऐकू येते. म्हणून वेष्टन कुठलंही असो, चौकट जिथे टेकते तेवढा गोल पट्टा उघडा ठेवायचा आणि तिथे फोमची गॅस्केट लावायची. मागच्या टर्मिनल कपलाही तोच न्याय.

आता एकेक पर्याय. उदाहरणासाठी बारा इंची स्पीकरचा, बाहेरून 20 बाय 14 बाय 14 इंचांचा, 18 मिलिमीटर एमडीएफचा बॉक्स धरू. आतलं घनफळ 1.7 घनफूट म्हणजे सुमारे 48 लिटर भरतं. झाकायचं क्षेत्र साडेदहा चौरस फूट, रिकाम्या बॉक्सचं वजन तेरा किलोच्या आसपास. पर्याय कुठलाही निवडला तरी एवढ्या क्षेत्राला लागणाऱ्या मालाचा खर्च स्पीकर आणि ॲम्प्लिफायरपुढे किरकोळ असतो. खरा खर्च मेहनतीचा आणि वाळण्याची वाट बघण्याचा.

कार्पेटच करायचं ठरलं तर निदान नीट करावं. मीटरभर पन्ह्याचं दीड मीटर कार्पेट या बॉक्सला पुरतं. 22 इंच रुंदीची पट्टी चारही बाजूंना गुंडाळायला आणि उरलेल्यातून दोन चौकोन बाजूंना. फेविकॉलचं एसआर 998 किंवा तशाच जातीचं कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह लाकडाला आणि कार्पेटच्या पाठीला, दोन्हीकडे पातळ पसरायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. जोड तळाशी घ्यावा. दोन्ही टोकं एकमेकांवर चढवून नव्या ब्लेडने, पट्टी धरून, दोन्ही थर एकाच ओढीत कापायचे आणि वरची-खालची कातरण काढून टाकायची. उरलेल्या दोन कडा एकमेकींना अशा भिडतात की जोड शोधावा लागतो. ब्लेडमध्ये कंजूषपणा करू नये, बोथट ब्लेड तंतू ओढतं आणि जोडाला मिशा फुटतात.

हे सगळं जमलं तरी माळव्यातली धूळ आहेच. कार्पेट ती पिऊन बसतं. पावसाळ्यात ओली छत्री, ओल्या चपला, भाजीची पिशवी डिकीत पडली की ओल आत मुरते आणि गाडीत कुबट वास राहतो. पर्याय शोधायला लोक निघतात ते बहुधा या वासाला कंटाळून.

पहिला पर्याय बहुतेकांना सुचतो तो रेक्झीनचा, कारण सीट कव्हरवाल्यांकडे ते तयार असतं. गिटारच्या ॲम्प्लिफायरवर या जातीच्या व्हिनाइल कापडाची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीने 1960 च्या सुमारास आपल्या ॲम्प्लिफायरना ते चढवायला सुरुवात केली आणि आजही स्टेजवरचे अनेक बॉक्स त्याच पोशाखात दिसतात. पण ते बॉक्स हॉलमध्ये राहतात, बंद गाडीत भाजले जात नाहीत. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेलं तेलकट द्रव्य उष्णतेने हळूहळू बाहेर सरकतं. डिंकापर्यंत पोचलं की त्याची पकड ढिली होते, माथ्यावर फुगे येतात, कडा उचलल्या जातात. म्हणून ज्याच्या पाठीला विणलेलं कापड आहे असंच रेक्झीन घ्यावं, डिंक त्या कापडात शिरतो आणि पीव्हीसीशी त्याचा थेट संबंध कमी येतो. कापड नसलेलं, पातळ, चमकदार रेक्झीन स्वस्त मिळतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याची किंमत कळते. चपलांच्या धंद्यात पीव्हीसीला चिकटवायला पॉलियुरेथेनचा डिंक वापरतात. तो मिळाला तर सर्वांत उत्तम.

रेक्झीनची खरी परीक्षा कोपऱ्यावर होते. चौकोनी डब्याच्या टोकाला तीन बाजू भेटतात, तिथे जादा कापड कुठेतरी जायलाच हवं. सराईत कारागीर ते किंचित तापवून ताणतो, आतल्या बाजूला छोट्या पाकळ्या कापतो आणि घडी अशी बसवतो की बोटाला जाणवते पण डोळ्याला दिसत नाही. घरी हे जमलं नाही तर कोपऱ्यांवर धातूचे किंवा प्लॅस्टिकचे तयार कोपरे ठोकावेत. तेवढी लबाडी स्टेजवाले कित्येक दशकं करत आले आहेत.

आणि चिकटवायलाच हवं असं कोणी सांगितलं? उज्जैनात सीट कव्हर शिवणारे कारागीर आहेत. ते जाड सुई, जाड धागा आणि पायपिंगसकट कुठल्याही आकाराची घट्ट खोळ शिवून देतात. बॉक्सची मापं द्यायची, स्पीकरच्या जागी गोल कापून कडेला पट्टी मारून घ्यायची, तळाशी वेल्क्रो किंवा चेन. अशी खोळ काढता येते, पुसता येते, कापडाची असेल तर धुता येते. डिंकाचा प्रश्नच निकालात निघतो. अट एकच, खोळ ताणून बसली पाहिजे. सैल कापड बेसबरोबर फडफडतं आणि ती फडफड ऐकू येते. हा पर्याय मला सर्वांत दुर्लक्षित वाटतो. सोफ्याला आणि गादीला खोळ घालणाऱ्या घरात सबवूफरला ती घालायचं कोणाच्या डोक्यात का येत नाही, कोण जाणे.

कापडाचा विषय निघाला आहे तर भैरूगढला जायलाच हवं. शिप्रेकाठच्या या वस्तीत मेण लावून कापड रंगवायची जुनी कला आहे आणि उज्जैनच्या बाटिक प्रिंटला 2023 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. चादरी, साड्या, दुपट्टे यांपलीकडे हे कापड सहसा जात नाही. पण स्पीकरच्या पेट्या सुती कापडाने मढवायची पद्धत काही नवी नाही. टोलेक्स या नावाचं ते व्हिनाइल यायच्या आधी फेंडरचे ॲम्प्लिफायर ‘ट्वीड’ म्हणवल्या जाणाऱ्या सुती कापडातच मढवलेले असत आणि त्यावर लॅकरचा हात असे. तेच तंत्र भैरूगढच्या कापडाला चालतं. फक्त एक पथ्य पाळावं लागतं. बाटिकमधलं मेण शेवटी गरम पाण्यात उकळून काढतात, तरी जाड कापडाच्या विणीत थोडं राहून जातं. मेणावर कुठलाच डिंक टिकत नाही आणि वरून मारलेला क्लिअर कोटही तिथे डोळे पाडतो. म्हणून कापड साबणाच्या कढत पाण्यातून पुन्हा काढावं, वाळवावं, कडक इस्त्री करावी. इस्त्री करताना खाली-वर कोरा कागद ठेवला की राहिलेलं मेण कागदावर डागांच्या रूपात उतरतं. डाग उमटायचे थांबले की कापड तयार.

मग पांढरा फेविकॉल किंचित पाणी घालून ब्रशने लाकडावर पसरायचा, कापड मधून कडांकडे हाताने निपटत बसवायचं, वाळलं की पुन्हा तोच पातळ हात वरून द्यायचा. कापड कडक झालं की पॉलिश पेपर अलगद फिरवायचा आणि पाण्यात मिसळणाऱ्या पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे, दोन-तीन हात. मेणाला गेलेल्या तड्यांतून रंग शिरून बाटिकमध्ये ज्या बारीक शिरा उमटतात, त्या या थराखाली फार सुंदर दिसतात. अख्खा बॉक्स असा मढवू नये, डोळ्यांना फार होतं. फक्त समोरची बाजू पुरे. आणि उन्हात रंग विटतो, त्यामुळे एसयूव्हीच्या मागच्या काचेखाली हे कापड लावणं म्हणजे ते वाया घालवणं. सेडानच्या डिकीत खुशाल लावा.

घोंगडीचं कापड लावलेला एखादा बॉक्सही मी बघितलेला आहे. लोकर पटकन पेट घेत नाही हा तिचा मोठा गुण. पण कसर लागते, आणि उन्हाळ्यात डिकी उघडताना त्या लोकरीकडे बघूनच घाम फुटतो.

पेट घेण्याचा मुद्दा सहज आला, पण तो सहज सोडण्यासारखा नाही. कंपनीतून येणाऱ्या गाडीच्या आतलं प्रत्येक कापड, फोम आणि कार्पेट किती वेगाने जळतं याची चाचणी झालेली असते. अमेरिकेत आडव्या ज्वालेचा वेग मिनिटाला 102 मिलिमीटरहून जास्त चालत नाही, भारतातही यासाठी आयएस 15061 हे मानक आहे. आपण बाजारातून आणलेल्या कार्पेटची, पडद्याच्या कापडाची, फोमची अशी चाचणी झालेली असेलच असं नाही. बॉक्सजवळून ॲम्प्लिफायरची जाड वायर जाते. म्हणून बॅटरीजवळ फ्यूज हवाच, आणि ॲम्प्लिफायर कार्पेट लावलेल्या बॉक्सच्या अंगावरच स्क्रूने ठोकायची जी प्रथा आहे ती बंद व्हायला हवी. त्याला हवा लागत नाही आणि तो खालचं कार्पेट तापवत राहतो.

सनमायकाकडे वळू. घराघरांतल्या कपाटांवर हात बसलेला मिस्त्री कुठेही मिळतो, एक मिलिमीटरचा आठ बाय चारचा पत्रा कुठल्याही प्लायवूडच्या दुकानात मिळतो, आणि उष्णतेला हा पदार्थ सहसा दाद देत नाही. फिनॉलच्या रेझिनमध्ये भिजवलेले कागद प्रचंड दाबाखाली भाजून तो बनतो, त्यामुळे गाडीतली उष्णता त्याच्यासाठी काहीच नाही. धूळ ओल्या फडक्याने निघते. मग अडचण कुठे? कडांवर. सनमायका गोल वळत नाही, म्हणजे बॉक्सच्या कडा काटकोनातच ठेवाव्या लागतात, आणि जिथे दोन पत्रे भेटतात तिथे त्यांच्या जाडीची काळपट रेघ दिसते. ती कमीत कमी दिसावी यासाठी क्रम महत्त्वाचा. आधी मागची बाजू आणि तळ, मग दोन्ही कुशी, मग माथा, सगळ्यांत शेवटी समोरची बाजू. प्रत्येक पत्रा दोन-तीन मिलिमीटर मोठा कापायचा, चिकटल्यावर ट्रिमरने किंवा कानशीने खालच्या पत्र्याशी समतल करायचा आणि मग पुढचा चढवायचा. शेवटचा समोरचा पत्रा बाकी सगळ्यांच्या कडा झाकतो आणि समोरून बघणाऱ्याला एकही रेघ दिसत नाही.

सनमायकाला कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह लावू नये, निदान गाडीत तरी, उन्हात तो आधी शरण जातो. पांढरा डिंक, वरून सपाट फळी आणि वजन, आणि रात्रभर वाट, ही जुनीच रीत बरी. घाई करणाऱ्या मिस्त्रीला हे पटवणं हा स्वतंत्र कौशल्याचा भाग आहे. सनमायकाचा एक धोकाही आहे, तो गुळगुळीत असतो. कार्पेट लावलेला बॉक्स डिकीच्या कार्पेटला धरून राहतो, सनमायकाचा बॉक्स पहिल्याच वळणाला सरकतो. स्पीकरसकट वीस किलोच्या घरातली वस्तू गाडीत मोकळी असणं अपघातात जिवावर बेतू शकतं. तळाला रबराची चटई चिकटवा, आणि त्यावर न थांबता दोन एल-पट्ट्यांनी किंवा पट्ट्याने बॉक्स गाडीला बांधा. कार्पेटवाल्यांनीही.

व्हीनियर आणि पॉलिश हा शौकिनांचा मार्ग. मध्य प्रदेश सागवानाचा प्रदेश, आणि उज्जैनातल्या जुन्या मराठी वाड्यांचे सागवानी खांब बघत वाढलेल्या माणसाला लाकडाच्या रेषांचा मोह पडणं स्वाभाविक आहे. व्हीनियर लावलेला बॉक्स घरच्या हॉलमध्ये अप्रतिम दिसतो. गाडीत मी तो लावायला सांगणार नाही. लाखेचं, म्हणजे चपडीचं पॉलिश 70 अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून एसयूव्हीत ते बाद. मेलामाइन कडक असतं, पण रोजच्या तापण्या-निवण्याने खालचं लाकूड हललं की त्याला केसासारख्या भेगा पडतात. पीयू पॉलिश त्यातल्या त्यात लवचीक. एवढं करून शेवटी त्यावर कोणीतरी सुटकेस आदळणार असते.

आता रंग. मला विचाराल तर माळव्यातल्या गाडीसाठी हाच पहिला पर्याय. इथे डिंक नाही, जोड नाही, फुगा नाही. पण रंगाखाली लाकूड तयार करणं हे मोठं काम आहे आणि तिथेच बहुतेक लोक कंटाळतात. एमडीएफचा सपाट भाग बरा असतो, पण कापलेली कड स्पंजासारखी रंग पिते. एक हात मारला की कड खरखरीत, दोन मारले तरी ती वेगळी दिसते. तिला आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचा किंवा सँडिंग सीलरचा हात द्यायचा, वाळल्यावर घासायचं, पुन्हा द्यायचा. स्क्रूची भोकं आणि जोड यांत गाडीच्या डेंटिंगवाल्यांकडे मिळणारी दोन भागांची पुटी भरावी. भिंतीला वापरतात ती लांबी बेसच्या थरथराटाने सुटते. कडा आधीच राउटरने किंवा रंधा-कानशीने थोड्या गोल करून घ्याव्यात, टोकदार कडेवर रंग पातळ राहतो आणि पहिला टवका तिथेच उडतो. मग प्रायमर, घासणी, आणि वरचा रंग.

वरच्या रंगातही पोटजाती आहेत. आरशासारखा डुको किंवा पीयू हवा असेल तर गाड्या रंगवणाऱ्याकडेच द्यावा, घरात धूळ बसल्याशिवाय राहत नाही. घरच्या घरी करायचं तर पोताचा रंग घ्यावा, तो थोडं झाकतो. पाश्चात्त्य देशांत स्टेजच्या बॉक्सना आणि पिकअप ट्रकच्या हौद्याला रबरासारखा दाणेदार पॉलियुरेथेनचा थर मारतात. तशी किटं आता इथेही मागवता येतात. ती नाही मिळाली तर फोमच्या रोलरने पीयू जरा घट्ट लावून संत्र्याच्या सालीसारखा पोत आणता येतो. लेथ मशिनवर दिसतो तो हॅमरटोनही सीलर मारलेल्या लाकडावर छान बसतो. मक्सी रोडच्या औद्योगिक भागात यंत्रांना तो रंग मारणारे हात आहेतच. फक्त एक गोष्ट टाळा. गाडीच्या खालून मारायचं काळं अँटी-रस्ट कोटिंग ‘तसंच तर दिसतं’ म्हणून बॉक्सला मारू नका. त्यातलं बरंचसं डांबराच्या जातीचं असतं. ते मे महिन्यात चिकट होतं आणि बंद गाडीत वास मारत राहतं.

वासाचा संबंध एमडीएफशीही आहे. त्यातल्या रेझिनमधून फॉर्मल्डिहाइड सुटत राहतो आणि उष्णतेने तो वाढतो. तो कमी सोडणारा ई-1 दर्जाचा बोर्ड घेतला आणि बॉक्स आतून-बाहेरून सील केला तर त्रास बराच कमी होतो. इथे रंगाचा थर कार्पेटपेक्षा सरस ठरतो, कारण कार्पेट वायू अडवत नाही. आतून सील करायला कोणालाच आठवत नाही. डिंकाचा एक पातळ हात आतून फिरवला की गळतीही थांबते आणि पावसाळ्यात बोर्ड फुगतही नाही. प्लाय वापरणाऱ्यांनी आयएस 710 शिक्क्याचा, म्हणजे मरीन दर्जाचा, घेतला तर ओलीची काळजी आणखी कमी.

व्हिनाइल रॅप, म्हणजे गाडीवर चढवतात ती कार्बन फायबरसारखी दिसणारी फिल्म, याबद्दल थोडक्यात. ती डुकोइतकाच गुळगुळीत पाया मागते, आणि तेवढा गुळगुळीत पाया तयार झाल्यावर रंगच का मारू नये हे मला समजलेलं नाही. स्वस्त फिल्म उन्हाने आकसते आणि कडेला डिंकाची रेघ उघडी पडते. फायबर ग्लास हा तर वेष्टनापेक्षा बॉक्स घडवण्याचाच प्रकार. स्टेपनीच्या खड्ड्यात किंवा कुशीतल्या पोकळीत बसणारा वेडावाकडा आकार हवा असेल तर त्याला पर्याय नाही. रेझिनचा वास, खाज आणि घासणीची धूळ सोसायची तयारी मात्र हवी, आणि तोंडाला साध्या रुमालाऐवजी खरा मास्क.

सगळ्या बाजूंना एकच पदार्थ लावायचा हा नियम कोणी केला, हेही कळत नाही. डिकीत बॉक्सच्या दोनच बाजू दिसतात, समोरची आणि माथा. तळ कोणी बघत नाही, मागची बाजू सीटच्या पाठीला टेकलेली असते. तळ आणि पाठ सील करून काळा रंग मारून सोडावी. सामान आदळणाऱ्या माथ्याला सनमायका किंवा दाणेदार रंग. समोर भैरूगढचं कापड, सागवानी व्हीनियर, जो काही हौसेचा ऐवज असेल तो, आणि त्यावर स्पीकरची लोखंडी जाळी. एवढ्याशा तुकड्याला चांगला माल परवडतो. हॅचबॅकवाल्यांनी माथा शक्यतो फिकट करडा ठेवावा, काळ्याइतका तापत नाही.

राहिला मुहूर्त. उन्हाळ्यात कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह ब्रशमधून उतरायच्या आत सुकायला लागतं आणि कार्पेट अर्धवट चिकटतं. पावसाळ्यात एनसी लॅकर आणि डुको हवेतली ओल ओढून घेतात, तासाभरात वर दुधाळ पांढरट झाक येते आणि घासून पुन्हा मारावं लागतं. दसरा उलटल्यापासून होळीपर्यंतचे महिने दोन्हींना मानवतात. हवा कोरडी, ऊन सोसण्यासारखं, दुपारी गच्चीवर काम करता येतं. डिंक आणि थिनर हे काम गच्चीवर किंवा अंगणातच करावं, बंद खोलीत नाही, आणि दिवाळीच्या पणत्या आसपास असतील तर मुळीच नाही. शेवटचा हात दिल्यावर बॉक्स निदान आठवडाभर मोकळ्या हवेत राहू द्यावा आणि मगच स्पीकर कसावा. ओल्या पीयूवर गॅस्केट दाबली की ती तिथेच चिकटते, आणि पुढे कधी स्पीकर काढायची वेळ आली तर रंगाचा गोल तुकडा तिच्याबरोबर निघून येतो.